पाणकणसाच्या मुळाशी

पळस्पे फाट्यावर मुंबईहून येणारा रस्ता दोन दिशांना फुटतो. एक वाट शेडुंग, चौकवरून खोपोलीकडे आणि पुढे घाट चढून पुण्याला जाते. दुसरी कर्नाळ्याच्या पायथ्याने पेणकडे आणि तिथून कोकणात उतरते. न्हावाशेवा बंदराचे कंटेनर याच परिसरातून दिवसरात्र धावत असतात. या वाहतुकीचा आवाज आणि धूर सगळ्यांनाच जाणवतो, पण ती मागे ठेवून जाते ते सगळे डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड मिसळलेले असते, वजनाच्या साधारण एक टक्का. टायर झिजतो तसे ते जस्त रस्त्यावर उरते. ब्रेक लावला की त्याच्या पट्ट्यांतून तांब्याची आणि अँटिमनीची भुकटी सुटते. २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातले जाई. ते थांबून पाव शतक उलटले. पण शिसे कुजत नाही, जळत नाही, त्याचे विघटन होत नाही; तेव्हा कडेच्या मातीत जे बसले, ते बरेचसे अजून तिथेच आहे. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरी यातले काही धुऊन रस्त्याकडेच्या चरांत आणतात, आणि चरातून ते ओढ्यात, नदीत आणि शेवटी पनवेलच्या खाडीत पोचते.

अशा चरांत आणि डबक्यांत पाणकणीस माजलेले असते. माणसाहून उंच, सरळ हिरवी पाती, वर तपकिरी कणसे. काळ्या, वास मारणाऱ्या पाण्यातही ते इतके टवटवीत दिसते की पाहणाऱ्याला वाटावे, हे पाणी स्वच्छ करत असणार. हा समज पुष्कळ पसरलेला आहे आणि त्यात तथ्यही आहे. पाणवनस्पती पाण्यातले जड धातू खरोखरच ओढून घेतात. काही तर आपल्या वाळलेल्या वजनात भोवतालच्या पाण्याच्या शेकडो, हजारो पट धातू साठवतात. मात्र त्या धातू नाहीसा करत नाहीत, कुठलीच वनस्पती करू शकत नाही. ती त्याला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवते आणि स्वतः जिवंत राहण्याची सोय करते, एवढेच. ही सोय ती कशी करते, हे जीवशास्त्रातले एक फार सुंदर प्रकरण आहे. आणि ते नीट समजले नाही तर आपण या वनस्पतींवर नको तो भार टाकतो.

पनवेलकरांना हा विषय नवा नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या कडेने वाहणारी कासाडी नदी अनेक वर्षे बातम्यांत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले आणि ती छायाचित्रे जगभर गेली. एका कारखान्यातून बाहेर पडलेल्या रंगाचा तो परिणाम होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. पुढच्याच वर्षी कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. त्याआधी, २०११ च्या सुमारास, मुंबई विद्यापीठाशी संबंधित रसायनशास्त्रज्ञांनी तळोज्याच्या सांडपाण्यातले जड धातू मोजून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. निळा कुत्रा लोकांच्या लक्षात राहिला, कारण रंग दिसतो. कॅडमियमला रंग नाही, वास नाही, चवही लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम. इतक्या सूक्ष्म प्रमाणाचा पत्ता माणसाच्या कोणत्याही इंद्रियाला लागत नाही.

वनस्पतीच्या मुळालाही तो लागत नाही, आणि सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. वाढायला वनस्पतीला काही धातू लागतातच: लोह, जस्त, तांबे, मँगनीज, अगदी चिमूटभर निकेलसुद्धा. हे धातू पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या रूपात असतात आणि मुळाच्या पेशींच्या पडद्यात त्यांना आत घेणारी खास प्रथिने बसवलेली असतात. ही प्रथिने आयनाचा आकार आणि त्यावरचा विद्युत्भार पाहून तो ओळखतात. कॅडमियम या दोन्ही बाबतींत जस्त आणि कॅल्शियम यांच्या जवळ जाते, म्हणून जस्ताच्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या वाटेने ते सहज आत शिरते. शिसे कॅल्शियमची वाट धरते. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट होऊन फिरते; त्याची ठेवण सल्फेटसारखी, म्हणून गंधक आत नेणारी प्रथिने त्यालाही आत नेतात. आर्सेनिकचे एक रूप फॉस्फेटच्या दारातून येते, दुसरे सिलिकाच्या. म्हणजे वनस्पती विष शोधून शोधून खात नसते. उपाशी मुळाला अन्न हवे असते आणि अन्नासारखे दिसणारे विष त्याच्या गळी उतरते. ज्या पाण्यात जस्त, लोह, कॅल्शियम भरपूर, तिथे कॅडमियमचा शिरकाव कमी होतो, कारण दार तेवढेच आणि गर्दी मोठी.

पण दारापाशी पोचण्याआधीच बराच धातू अडतो. पेशीभोवतीच्या भिंतीत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, ज्याच्यामुळे पेरूची जेली जमते तोच. पेक्टिनवर ऋण भाराच्या जागा असतात आणि धन भाराचे धातू तिथे येऊन चिकटतात. या चिकटण्याला पेशी जिवंत असण्याचीही गरज नाही. जलपर्णीची वाळलेली मुळे दळून त्यांची पूड गढूळ पाण्यात टाकली तरी ती धातू धरते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मुळात सापडणाऱ्या धातूचा मोठा भाग असा भिंतीतच अडकलेला असतो. आतल्या जिवंत द्रवापर्यंत तो गेलेलाच नसतो.

दलदलीत उगवणाऱ्या वनस्पतींकडे याहून एक वेगळी युक्ती आहे. पाणकणीस, नळ आणि भात यांची मुळे ज्या चिखलात असतात त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून त्यांच्या खोडांत आणि मुळांत हवेच्या लांब पोकळ्या असतात आणि पानांकडून आलेला प्राणवायू त्यांतून मुळांपर्यंत उतरतो. त्यातला थोडा मुळाबाहेर पाझरतो. चिखलातले विरघळलेले लोह त्या प्राणवायूला भेटले की तिथल्या तिथे गंजते आणि मुळाभोवती तांबूस लेप चढतो. लावणीनंतर काही आठवड्यांनी भाताचे रोप उपटून धुतले तर हा लेप डोळ्यांनी दिसतो. रायगडच्या शेतकऱ्यांनी तो कितीदा तरी पाहिलेला असेल. या गंजाच्या थरावर आर्सेनिक फार घट्ट बसते, इतर काही धातूही बसतात. थर पातळ असला की तो मुळाचे रक्षण करतो. फार जाड झाला तर अन्नद्रव्येही अडवतो.

पाण्यात पूर्ण बुडून राहणाऱ्या वनस्पतींची कथा निराळी. हायड्रिलाच्या पानांवर मेणाचा थर नावापुरताच असतो. जमिनीवरच्या झाडाला पाणी उडून जाऊ नये म्हणून तो थर लागतो, हिला लागत नाही. त्यामुळे ती मुळांपेक्षाही सगळ्या अंगाने पाण्यातले क्षार घेते आणि त्यांबरोबर धातूही. अशा वनस्पती धातू झपाट्याने साठवतात आणि तितक्याच लवकर त्यांची दशाही बिघडते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत गेली काही दशके या बुडीत वनस्पतींवर आणि ओढ्याकाठच्या ब्राह्मीवर सातत्याने अभ्यास झालेला आहे. ब्राह्मी कॅडमियम आणि इतर धातू चांगल्यापैकी धरते, हे त्यातून पुढे आले. ही वनस्पती बुद्धी वाढवणारी म्हणून घरोघरी घेतली जाते. ती कुठल्या पाण्यात वाढली हे विचारल्याशिवाय घेऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता पेशीच्या आत. सगळे अडथळे ओलांडून कॅडमियमचा आयन पेशीत आला, तर त्याला तिथे मोकळा सोडणे घातक असते. गंधक असलेल्या प्रथिनांशी त्याची फार जवळीक. तो त्यांना चिकटला की त्यांचा आकार बिघडतो आणि काम थांबते. यावरचा वनस्पतींचा उपाय १९८५ साली म्युनिकच्या संशोधकांनी शोधून काढला. त्यांनी त्यासाठी वापरलेल्या पेशी आपल्या ओळखीच्या वनस्पतीच्या, सर्पगंधेच्या होत्या. कॅडमियम घातलेल्या द्रवात वाढवलेल्या त्या पेशींत त्यांना एक छोटा, साखळीसारखा रेणू मिळाला. त्याला फायटोकेलेटिन हे नाव पडले. ग्लुटाथिओन नावाचा रेणू प्रत्येक पेशीत असतोच. त्याचे तुकडे एकापुढे एक जोडून ही साखळी तयार होते. तिच्यात दोनपासून अकरापर्यंत दुवे असू शकतात आणि प्रत्येक दुव्यावर गंधकाचा एक अणू. चिंबोरीने भक्ष्य दोन्ही नांग्यांत पकडून ठेवावे तसे हे गंधकाचे अणू धातूला चहूबाजूंनी धरून ठेवतात.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट पुढे आहे. साखळी जोडणारे विकर पेशीत आधीपासूनच तयार असते, पण निष्क्रिय. धातू आला की धातूच त्याला चालना देतो. धोक्याची खबर केंद्रकापर्यंत जावी, तिथून नवे प्रथिन तयार होऊन यावे, एवढी वाट पाहावी लागत नाही. काही मिनिटांत साखळ्या तयार होऊ लागतात. सगळा मोकळा धातू पकडला गेला की विकराची चालना थांबते आणि काम आपोआप बंद पडते. पकडलेला धातू मग रिक्तिकेत नेला जातो. रिक्तिका म्हणजे वनस्पतीच्या पेशीतली मोठी पाणथळ पिशवी. प्रौढ पेशीचा बहुतेक भाग तिनेच व्यापलेला असतो. तिच्या पडद्यावर पंपासारखी प्रथिने बसलेली असतात. ती ऊर्जा खर्चून साखळीसकट धातू आत ढकलतात. रिक्तिकेत प्रकाशसंश्लेषण होत नाही, प्रथिने बनत नाहीत, म्हणून तिथे पडून राहिलेले कॅडमियम फारसे काही बिघडवत नाही. सहनशीलता म्हणतात ती मुख्यतः ही: विषाचे अमृत होत नाही, त्याला कामाच्या जागेपासून दूर नेऊन ठेवले जाते.

क्रोमियमच्या बाबतीत मात्र वनस्पती एक पाऊल पुढे जाते. षट्संयुजी क्रोमियम अतिशय विषारी, कर्करोगकारक आणि पाण्यात सहज पसरणारे. त्रिसंयुजी क्रोमियम त्या मानाने पुष्कळ सौम्य आणि चिकटून बसणारे. १९९८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी जलपर्णीला षट्संयुजी क्रोमियम असलेल्या पाण्यात ठेवले आणि तिच्या उतींवर क्ष-किरण टाकून आतले क्रोमियम कोणत्या रूपात आहे ते पाहिले. बारीक पार्श्वमुळांतच त्याचे त्रिसंयुजी रूपात परिवर्तन झालेले होते. धातू तेवढाच राहिला, पण त्याचा डंख बोथट झाला. चामडे कमावणे, धातूंवर मुलामा देणे असे उद्योग जिथे आहेत तिथल्या माणसांना या शोधाचे मोल चटकन कळेल.

ही सगळी व्यवस्था महाग असते. साखळी बनवायला लागणारे ग्लुटाथिओन पेशीला दुसऱ्या कामासाठीही हवे असते. तांबे, क्रोमियम यांच्यामुळे पेशीत प्राणवायूची आक्रमक रूपे तयार होतात. ती पडदे आणि डीएनए जाळत सुटतात आणि त्यांना शमवणाऱ्यांत ग्लुटाथिओन अग्रभागी असते. धातू पकडण्यात ते संपले की आग विझवायला कुणी उरत नाही. म्हणून ठरावीक मर्यादेपर्यंत वनस्पती टवटवीत दिसते आणि मर्यादा ओलांडली की फार भरभर ढासळते. पाने पिवळी पडतात, मुळे काळी आणि आखूड होतात.

कधीकधी तर पाने पिवळीही पडत नाहीत. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. जर्मनीतल्या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले, की बुडीत पाणवनस्पतींत तांब्यासारखे धातू त्या मॅग्नेशियमला हुसकून त्याची जागा घेतात. असे हरितद्रव्य प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचे राहत नाही. पण सावलीत तयार झालेले तांब्याचे हरितद्रव्य मूळ हरितद्रव्यापेक्षा टिकाऊ असते, आणि म्हणून वनस्पती मेल्यावरही तिचा हिरवा रंग जात नाही. तांब्याचे हे टिकाऊ हरितद्रव्य खाद्यपदार्थांना हिरवा रंग द्यायलाही वापरले जाते. तळ्याकाठी उभे राहून हिरवेपणावरून पाण्याची प्रकृती सांगणाऱ्या प्रत्येकाने हा शोध ध्यानात ठेवावा. पाणी मोजल्याशिवाय कळत नाही.

जलपर्णीबद्दल तर फारच मोठ्या अपेक्षा बाळगल्या गेल्या. अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि देशभर पसरली. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेने मिसिसिपीतल्या आपल्या केंद्रात सांडपाण्याच्या तळ्यांत ती वाढवून पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले आणि ते यशस्वी झाले. तेव्हापासून जलपर्णी म्हणजे फुकटचे शुद्धीकरण केंद्र, अशी एक कल्पना रुजली. धातूंच्या बाबतीत ही कल्पना कागदावर तपासून पाहू. समजा, एका नाल्यातून दिवसाला एक कोटी लिटर पाणी वाहते आणि त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम क्रोमियम आहे. उद्योगांनी नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी एकूण क्रोमियमची कायदेशीर मर्यादा लिटरला दोन मिलिग्रॅम आहे. म्हणजे हे पाणी नियमात बसणारे झाले. तरी दिवसाला दहा किलो क्रोमियम आले. जलपर्णीने वाळलेल्या वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम धातू धरला असे उदारपणे मानले, तरी त्यासाठी दहा टन वाळलेली जलपर्णी लागेल. जलपर्णीत ९५ टक्के पाणी असते. म्हणजे रोज २०० टन ओली जलपर्णी उपसून न्यायची. दहा टनी ट्रक धरला तर रोज वीस ट्रक, रविवारीही. आणि हेक्टरी वर्षाला १०० टन वाळका माल निघतो असे धरले, तर फक्त एवढ्याचसाठी ३६ हेक्टरांहून अधिक पाणी जलपर्णीने झाकलेले हवे, ज्यात प्रकाश जाणार नाही, मासा जगणार नाही आणि डास मात्र होतील.

ती उपसली नाही तर? तर धातू फक्त काही महिने पुढे ढकलला जातो. जलपर्णी मरते, तळाशी जाते, कुजते आणि तिने धरलेले सगळे गाळाला परत देते. पनवेलच्या तळ्यांत गणेश विसर्जनाच्या काळात हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने येतो. पेणहून निघालेल्या मूर्तींचे ट्रक पळस्पे फाट्यावरूनच मुंबईकडे जातात. मूर्तींना जे रासायनिक रंग दिले जातात त्यांतल्या काहींत शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांची संयुगे असत. हैदराबादच्या हुसेनसागरात विसर्जनानंतर धातूंचे प्रमाण वाढल्याच्या नोंदी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. विषारी रंग टाळावेत आणि नैसर्गिक रंग वापरावेत, यावर त्यांचा भर आहे. कृत्रिम हौदात विसर्जन करणारी कुटुंबे या भागात आता पुष्कळ दिसतात. तळे कितीही कमळांनी भरलेले असले तरी ही काळजी ते घेऊ शकणार नाही, माणसालाच ती घ्यावी लागेल.

गाळात गेलेला धातू कायमचा बंदिस्त असतो असेही नाही. खाडीच्या काळ्या चिखलात जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि कॅडमियम, शिसे, पारा, जस्त, तांबे त्यात अविद्राव्य होऊन अडकतात. तिवरांखालच्या चिखलाने अशा रीतीने पनवेलच्या आणि ठाण्याच्या खाडीतले किती धातू गिळले असतील याचा अंदाज करणेही कठीण. तिवर स्वतः बहुतेक धातू मुळातच अडवते आणि पानांवरच्या मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींतून थोडे जस्तही बाहेर सोडते, हे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत आढळले आहे. पण तोच चिखल यंत्राने उकरला, काठावर पसरून वाळवला, की हवेतला प्राणवायू सल्फाइडला गाठतो आणि अडकलेला धातू पुन्हा मोकळा होतो. खारफुटी तोडून भराव टाकण्याला माझा विरोध आहे तो पक्ष्यांसाठी आणि माशांसाठी तर आहेच. पण दशकानुदशके तिथे साठलेल्या या ठेवीला हात लावू नये, म्हणूनही आहे.

भाताबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण भातही पाणवनस्पतीच आहे आणि ती आपण रोज खातो. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेले कॅडमियम भातखाचरांत उतरले. वर्षानुवर्षे तो भात खाल्लेल्या माणसांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ होऊन साध्या हालचालीनेही मोडू लागली. रुग्णांच्या कण्हण्यावरूनच त्या रोगाला इताइ-इताइ हे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणातून झालेला रोग असल्याचे मान्य केले. त्या खोऱ्यातले भाताचे रोप दिसायला निरोगी होते. आपली सहनशक्ती वापरून ते जगले, दाणे भरले, आणि विष पुढे पोचवले.

भाताचे मूळ कॅडमियम मुख्यतः मँगनीजच्या वाटेने घेते, हे २०१२ साली स्पष्ट झाले. आर्सेनिक ते सिलिकाच्या वाटेने घेते; भाताला पाती ताठ ठेवायला सिलिका भरपूर लागते, म्हणून ती वाट कायम उघडी. यात एक पेच आहे. खाचरात पाणी भरून असले की चिखलातला प्राणवायू संपतो, कॅडमियम सल्फाइडमध्ये अडकते. पण लोहाचे गंज विरघळतात आणि त्यांनी धरलेले आर्सेनिक मोकळे होते. खाचर सुकवले की उलटे होते, आर्सेनिक अडते आणि कॅडमियम सुटते. जपानमध्ये कॅडमियमबाधित भागांतले शेतकरी ओंब्या बाहेर पडण्याच्या आगेमागे काही आठवडे खाचरात पाणी टिकवून धरतात, ते याच कारणाने. आपल्याकडे भातशेतीच्या शेजारी औद्योगिक नाले वाहतात, पण पाणी केव्हा भरावे आणि केव्हा सोडावे याचा विचार या अंगाने होताना दिसत नाही. मातीची तपासणी नत्र, स्फुरद, पालाश यांवर थांबते. ज्या खाचरात नाल्याचे पाणी शिरते तिथे निदान कॅडमियम तरी तपासले जायला हवे.

हीच गोष्ट पालेभाज्यांची. ओहोळाच्या कडेला आपोआप वाढलेले अळू, पाण्यावर पसरलेली नाळीची भाजी या फुकटच्या आणि चवदार भाज्या आहेत. नाळीची भाजी पाण्यातच वाढते आणि धातू पानापर्यंत नेते. डोंगराकडच्या स्वच्छ ओढ्यात ती मिळाली तर खुशाल खावी. कारखान्यांच्या किंवा हमरस्त्याच्या खालच्या अंगाला ती कितीही कोवळी दिसली तरी खुडू नये. धुतल्याने पानावरची धूळ जाते, शिजवल्याने जंत मरतात. रिक्तिकेतला धातू दोन्हींना दाद देत नाही.

मग या वनस्पतींचा उपयोग काय? पुष्कळ आहे, पण तो योग्य जागी करायला हवा. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने फायटोरिड नावाचे तंत्र विकसित केले आहे. खडी भरलेल्या टाक्यांत पाणकणीस, नळ, कर्दळ अशा वनस्पती लावून त्यांच्या मुळांतून सांडपाणी हळूहळू सरकवले जाते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात असा प्रकल्प उभा राहिला. घरगुती सांडपाण्यासाठी हे तंत्र उत्तम, कारण त्यातला सेंद्रिय मळ मुळांवरचे जिवाणू खरोखर खाऊन टाकतात, तो नाहीसा होतो. धातूंसाठी वनस्पती शेवटच्या टप्प्यावर शोभतात: प्रक्रिया झालेल्या पाण्यात उरलेला लेश टिपायला, आणि रस्त्यावरून वाहून येणारे पावसाचे पाणी ओढ्यात जाण्याआधी अडवायला. वाहणारे पाणी पाणकणसाच्या पट्ट्यात शिरले की मंदावते, आणि धातूचे बहुतेक कण मातीच्या कणांना चिकटलेले असल्याने ते तिथेच खाली बसतात. महामार्ग रुंद करताना काँक्रीटची बंदिस्त गटारे बांधण्याऐवजी अशा पट्ट्यांना जागा ठेवली तर पावसाळी पाण्यातले पुष्कळसे जस्त आणि तांबे नदीपर्यंत पोचणार नाही.

त्यांचा दुसरा उपयोग मला याहून मोलाचा वाटतो. नदीतल्या पाण्याचा नमुना त्या क्षणापुरते बोलतो. रात्री सोडलेले पाणी सकाळी वाहून गेलेले असते. मूळ मात्र आठवडेच्या आठवडे तिथेच असते आणि आलेले सगळे धरून ठेवते. कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला वाढलेल्या पाणकणसाची मुळे एकाच दिवशी काढून, धुऊन, वाळवून तपासली तर नदीच्या त्या टप्प्यात काय सोडले गेले याचा पुरावा मिळतो. महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम जमण्यासारखे आहे. पनवेल परिसरात महाविद्यालये कमी नाहीत.

कारखान्याच्या आवारात धातू वेगळा करणे तसे अवघडही नाही. षट्संयुजी क्रोमियमचे पाणी आम्लधर्मी करून त्यात फेरस सल्फेट घालतात, ते त्रिसंयुजी होते. मग चुना घातला की क्रोमियम गाळ होऊन खाली बसते. जलपर्णीचे मूळ जे करते त्याच्याशी याचा पहिला टप्पा जुळतो, फक्त इथे तो एका टाकीत, मोजूनमापून, काही तासांत होतो. हे काम प्रत्येक कारखान्याने पाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्याआधी करायचे असते, कारण तिथले जिवाणू धातूंपुढे स्वतःच मरतात आणि मग सेंद्रिय मळही तसाच राहतो. टाकीत निघालेल्या गाळाची, आणि तपासणीत धातू आढळलेल्या पाणकणसाची किंवा जलपर्णीचीही, जागा एकच: घातक कचऱ्याचे अधिकृत केंद्र. अशा वनस्पतींचे खत करून भाजीच्या वाफ्यात घालणे, गुरांपुढे टाकणे किंवा उघड्यावर जाळणे, यांतल्या प्रत्येक वाटेने धातू माणसाकडे परत येतो. असे केंद्र तळोज्यातच आहे. कासाडीच्या काठावरून तिथे ट्रक जायला फार वेळ लागत नाही.